हिशेबाची पुस्तके कोणत्या कपाटात?

एकनाथांची एक आख्यायिका आपण सारेच वर्गात सांगत आलो आहोत. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथांकडे हिशेबाचे काम होते. एके दिवशी हिशेब जुळेना; तफावत होती अवघ्या एका पैची. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, उत्तररात्री चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसारातली चूक सापडेल तेव्हा तो केवढा होईल! साहित्याचा शिक्षक येथून थेट एकनाथी भागवताकडे वळतो. काही वर्षांपूर्वी नाथषष्ठीच्या निमित्ताने महाविद्यालयात झालेल्या व्याख्यानानंतर मात्र वाणिज्य शाखेतल्या एका संशोधक विद्यार्थ्याने आम्हां दोघांना गाठले आणि विचारले, "ती चूक कीर्दीत होती की खतावणीत?"

प्रश्नात चेष्टा नव्हती. रोजच्या नोंदीत झालेली चूक आणि ती नोंद खात्यावर नेताना झालेली चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या शोधण्याच्या वाटाही वेगळ्या आहेत. आख्यायिकेला दस्तऐवज मानून तिच्याकडे उत्तर मागता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होते. पण ती रचणाऱ्या आणि ऐकणाऱ्या माणसांना एका पैसाठी रात्र जागवणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नव्हते, हे त्या प्रश्नामुळे आमच्या ध्यानात आले. हिशेबाचे जग तेव्हा भाषेच्या आत होते. आज ते वाणिज्य विभागात आहे, भाषा मराठी विभागात आहे, आणि दोन विभागांच्या मध्ये ग्रंथालयाची इमारत आहे. हा लेख त्या इमारतीविषयी आहे.

विद्यार्थ्याचे मूळ दुखणे वेगळे होते. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणासाठी, म्हणजे पूर्वसंशोधनाच्या आढाव्यासाठी, त्याला संदर्भ हवे होते आणि "ग्रंथालयात आमच्या विषयाचे काहीच नाही" अशी त्याची खात्री झाली होती. अशी खात्री झालेले विद्यार्थी आमच्याही विषयात पुष्कळ असतात. लेखाशास्त्र आम्हांला येत नाही. कपाटे धुंडाळण्याची सवय मात्र आहे. तेव्हा त्याच्याबरोबर जाऊन पाहू, एवढ्याच हेतूने आम्ही निघालो.

ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात लेखाशास्त्राचा क्रमांक ६५७. त्या क्रमांकाचे कपाट आमच्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत सारखेच दिसते. बी. कॉम. आणि एम. कॉम.ची पाठ्यपुस्तके, त्यांच्या बदललेल्या अभ्यासक्रमांनुसार निघालेल्या आवृत्त्या, परिव्यय लेखांकन, लेखापरीक्षण, आणि ज्यांचे करनिर्धारण वर्ष केव्हाच उलटून गेले आहे अशी प्राप्तिकराची मार्गदर्शके. ही पुस्तके निरुपयोगी नाहीत. ताळेबंद कसा करावा हे ती उत्तम सांगतात. अमुक एका गावात, अमुक एका काळी, अमुक माणसांनी तो कसा केला आणि तसाच का केला, हे सांगणे त्यांचे काम नव्हे. संशोधनाला लागते ते नेमके हे दुसरे, आणि ते ६५७ च्या कपाटात क्वचितच असते.

मग ते असते कोठे? सरकारी जमाखर्चाचा अभ्यास ३३६ खाली, म्हणजे अर्थशास्त्रात. पेशवाईतल्या वसुलीच्या आणि खर्चाच्या नोंदी महाराष्ट्राच्या इतिहासात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अक्षपटलाचे, म्हणजे हिशेबखात्याचे, वेगळे प्रकरण आहे. हिशेब वेळेवर न आणणाऱ्या अधिकाऱ्याला दंड किती, इथपर्यंत त्यात विचार आहे. ते पुस्तक राज्यशास्त्रात किंवा संस्कृतात सापडते. हिशेबाचे जुने शब्द कोशांत, आणि कोश संदर्भविभागात. जिल्ह्याचे दरभाव, नाणी आणि बाजारपेठा यांची माहिती गॅझेटिअरमध्ये. आमच्या जिल्ह्याचे एक गॅझेटिअर निजामाच्या राजवटीत १८८४ साली निघाले आणि दुसरे राज्य शासनाने १९७७ साली काढले.

सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथांचे आहे. त्यांनी १९५० साली या शहरात महाविद्यालय उभारले, आणि १९५८ साली स्थापन झालेले येथील विद्यापीठ १९९४ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवहारावर त्यांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला. रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. हे तिन्ही महाराष्ट्र शासनाने १९८९ साली काढलेल्या त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात एकत्र आहेत. आमच्या शहरात तो खंड मिळणार नाही असे ग्रंथालय शोधावे लागेल. पण तो असतो 'आंबेडकर साहित्य' या कपाटात, आणि वाणिज्याचा विद्यार्थी त्या कपाटाकडे अभिवादनाने पाहतो, संदर्भ म्हणून पाहत नाही. प्रांतिक वित्तव्यवस्थेचा ग्रंथ उघडला की दिसते, लेखकाने कालखंड पाडले आहेत ते व्हाइसरॉयांच्या कारकिर्दींवरून नव्हेत, अंदाजपत्रक मांडण्याच्या पद्धतीवरून. १८७१-७२ पासून नेमून दिलेल्या रकमांचे अंदाजपत्रक, १८७७-७८ पासून नेमून दिलेल्या उत्पन्नबाबींचे, आणि १८८२-८३ पासून वाटून घेतलेल्या उत्पन्नाचे. हिशेब कोणत्या रकान्यात मांडला जातो यावरून सत्ता कोणाच्या हाती आहे हे ओळखायचे, ही त्या ग्रंथाची दृष्टी आहे. हिशेबाच्या मांडणीवर संशोधन कसे करावे याचा धडा एवढ्या जवळ असताना आमच्या विद्यार्थ्याने तो पाहिलेला नव्हता. आणि खरे सांगायचे तर त्याला तो पाहायला कोणी सांगितलेही नव्हते.

यात ग्रंथपालांचा दोष नाही. पुस्तक एका वेळी एकाच फळीवर उभे राहू शकते. तालिकेत मात्र त्याच पुस्तकाकडे नेणाऱ्या अनेक नोंदी असू शकतात, आणि त्या नोंदींपर्यंत पोहोचण्याचे साधन एकच: शब्द. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच नियमांपैकी एक असा आहे की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाला जर ग्रंथाची भाषाच ठाऊक नसेल तर ही भेट व्हायची कशी?

येथे मराठीच्या शिक्षकांना थोडा हातभार लावता येतो. आमचा विद्यार्थी संगणकीय तालिकेत 'लेखाशास्त्र' एवढाच शब्द घालत होता. हा शब्द अलीकडचा, पाठ्यपुस्तकी. तो घातला की पाठ्यपुस्तकेच समोर येणार. आम्ही एका कागदावर दुसरे शब्द लिहू लागलो: जमाखर्च, हिशेब, कीर्द, रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, अजमास, वासलात, झाडा, दप्तर, पोतनिशी, फडणिशी, मुजुमदारी, सावकारी, हुंडी, बट्टा. शिवाय 'हिशेब' आणि 'हिशोब', 'दप्तर' आणि 'दफ्तर' अशी दोन-दोन रूपे. आणि हेच सारे रोमन लिपीत, कारण जुन्या तालिका संगणकावर चढवताना कोणी कोणती लिपी वापरली असेल याचा नेम नाही. प्रत्येक शब्दाबरोबर नवे काही हाती येत गेले.

यासाठी दोन कोश जवळ असावेत. एक, भाषा संचालनालयाचा वाणिज्यशास्त्र परिभाषा कोश: इंग्रजी संज्ञेला आजचा मराठी पर्याय कोणता, हे त्यावरून कळते. दुसरा, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१ आणि दुसरी १८५७. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. मोल्सवर्थ आपण साहित्याच्या लोकांनी आपला मानला आहे. पण त्याची पाने चाळताना दिसते की हा कोश तयार होत असताना पेशवाई बुडून फार वर्षे झालेली नव्हती, आणि कारकुनी मराठी अजून जिवंत होती. हिशेबखात्याचे शब्द त्यात खच्चून भरले आहेत, आणि ते नुसते अर्थापुरते नाहीत. कोणता कागद कोणत्या कागदावरून तयार होतो याची कल्पना येण्याइतपत स्पष्टीकरण अनेक ठिकाणी आहे. लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे संदर्भसाधन म्हणून कोणी सुचवत नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

शब्दांबरोबर त्यांचे पुढचे आयुष्यही कळते. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हे शब्द आजच्या 'पुस्तपालन व लेखाकर्म' या शालेय विषयात टिकून आहेत. इंग्रजी जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स आणि बॅलन्स शीट यांच्या जागी ते बसवले गेले. बसवले खरे, पण पेशवाईतली रोजकीर्द आणि आजचे जर्नल ही एकच वस्तू नव्हे, हे विद्यार्थ्याला सांगायचे राहून जाते. दुसरे काही शब्द हिशेबातून बाहेर पडून बोलीत शिरले. वासलात ही मूळची वसुलीच्या रकमांशी निगडित; आज वासलात लागते ती एखाद्या कामाची किंवा माणसाची. झाडा आणि झडती हेही हिशेब तपासण्याच्या व्यवहारातले. आज झाडाझडती घेतली जाते ती चोराची किंवा विद्यार्थ्याची. फडणीस हा फर्दनवीस, म्हणजे हिशेबाचे फर्द लिहिणारा. आता ते आडनाव आहे. साहित्याच्या अंगानेही पाहावे: आज्ञापत्र आपण एम. ए.ला मराठी गद्याचा उत्तम नमुना म्हणून वाचतो. परंपरेने ते ज्यांच्या नावावर आहे ते रामचंद्रपंत अमात्य पदाने हिशेबखात्याचे प्रमुख होते. अमात्य म्हणजेच मुजुमदार. आज्ञापत्रातल्या वाक्यांचा जो काटेकोरपणा आपण वर्गात वाखाणतो, त्याचा या पदाशी काही संबंध असेल काय, असा प्रश्न मराठी गद्याच्या इतिहासांतून सहसा विचारला जात नाही. लीळाचरित्र, बखर, पत्रे, निबंध अशी आपली चढण ठरलेली आहे. जमाखर्चाला तीत पायरी नाही.

असो. आजच्या साधनांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण संशोधकाला तीही लागतात. पूर्वीचे प्रबंध पाहण्यासाठी इन्फ्लिबनेटची 'शोधगंगा' आहे. तेथे मराठी प्रबंधांची शीर्षके कधी देवनागरीत तर कधी रोमन लिपीत असल्यामुळे दोन्ही लिप्यांत शोध घ्यावा. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' या १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या योजनेमुळे शासकीय विद्यापीठांना व संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. ज्याचे महाविद्यालय योजनेबाहेर आहे त्याने विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसण्याचा कंटाळा करू नये. सरकारी खर्चासाठी नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल आहेत, त्यांतले राज्याचे अहवाल मराठीतही निघतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. हे सारे सहज मिळते, म्हणून बहुतेक प्रबंध याच साधनांवर होतात: दोन बँकांचे पाच वर्षांचे अहवाल, त्यांची गुणोत्तरे, आणि शेवटी शिफारशी. ते करू नये असे आम्ही म्हणणार नाही. पण जे सहज मिळते तेवढेच अस्तित्वात आहे, असा समज त्यातून होतो.

या समजाची किंमत काय पडते, याचे एक उदाहरण त्या नियतकालिकांतच सापडले. 'अबॅकस' या लेखाशास्त्राच्या नियतकालिकात १९८६ साली बी. एम. लाल निगम यांचा एक लेख आला. इटलीच्या लुका पाचोलीने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धती मांडली. तिच्याही आधीपासून भारतात बहीखात्याच्या रूपाने ती पद्धती होती, असा निगम यांचा दावा. पुढच्याच वर्षी, १९८७ साली, ख्रिस्तोफर नोब्स यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिले. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा: दावा मोठा आहे, पुरावा दाखवा; पाचोलीच्या आधीची, द्विनोंदी पद्धतीने लिहिलेली हिशेबाची पुस्तके कोठे आहेत? आमच्या विद्यार्थ्याने यातला पहिला लेख दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललेल्या एका वाक्याच्या रूपाने वाचलेला होता आणि स्वतःच्या पहिल्या प्रकरणात अभिमानाने लिहिलाही होता. दुसरा लेख त्याला ठाऊक नव्हता. विद्यापीठाच्या जोडणीवरून दोन्ही लेख मिळाले, आणि तो दोन दिवस गप्प होता.

त्याला वाईट वाटावे असे आमच्या मते त्यात काही नव्हते. नोब्स यांचा प्रश्न अपमानाचा नाही, तो पुराव्याचा आहे. आज मोठ्या संख्येने हाती असलेले मराठी हिशेबी कागद मुख्यतः सतराव्या-अठराव्या शतकांपासूनचे आहेत. पाचोलीच्या आधीचे काही ते सिद्ध करू शकणार नाहीत. पण 'पहिले कोण' हा एकच प्रश्न विचारण्याजोगा आहे असे कोणी ठरवले? आपल्याकडे हिशेब कसा ठेवला जात होता, तो कोण तपासत होते, चूक निघाली तर काय होत होते, हे प्रश्न अधिक खोलवर जाणारे आहेत आणि त्यांची उत्तरे देणारे कागद आहेत. ते वाचले गेलेले नाहीत, एवढेच.

ते का वाचले गेले नाहीत याची कारणे आपल्या इतिहासलेखनात आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः छापली. या थोर संपादकांचा ओढा स्वाभाविकपणे पत्रव्यवहाराकडे होता: मोहिमा, तह, वकिलांची बातमीपत्रे. त्यांच्या मानाने जमाखर्चाचे रुमाल कोरडे. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या उताऱ्यांचे खंड हा मोठा अपवाद. ते विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले आणि 'पेशव्यांची रोजनिशी' या नावाने रूढ झाले. मूळ दप्तरात त्या कागदांचे नाव रोजकीर्द असे आहे. इंग्रजीत त्यांना 'डायरी' म्हटले गेले, आणि वाचकाच्या मनात मखरात बसलेला पेशवा रात्री दिवसाची हकीकत लिहीत आहे असे चित्र तयार झाले. प्रत्यक्षात त्या सरकारी हुजूर दप्तरातल्या रोजच्या नोंदी: कोणाला काय दिले, कोणाकडून काय आले, कोणाला काय माफ केले. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली या निवडीवर लिहिलेल्या निबंधात, बखरकार आणि ग्रँट डफ यांनी राजकीय घडामोडींपलीकडे पाहिले नाही, लोकांच्या जगण्याची माहिती या कागदांतून मिळेल, असे प्रतिपादन केले होते. त्याला सव्वाशे वर्षे झाली.

मराठवाड्याची अडचण आणखी निराळी आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री हा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या लेखन-हिशेबखात्याचा प्रमुख होता. मोडी लिपी त्यानेच रूढ केली असे परंपरा सांगते. तरी ज्या परिसराला हा वारसा सांगता येतो, तेथल्या पुढच्या काळाचे हिशेबी कागद मिळवायला बाहेर जावे लागते. मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचे फारसी कागद मोठ्या संख्येने हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत; औरंगाबादेहून राजधानी हलली तसे दप्तरही हलले. इनायत जंग संग्रह या नावाने ओळखले जाणारे कागद दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावरून त्यांचा शोध घेता येतो. पुढे निजामाच्या राज्यात सरकारी भाषा आधी फारसी आणि मग उर्दू. बाजारातल्या वह्या मात्र मोडीत आणि मराठीत. म्हणजे एकाच धान्याचा सरकारी हिशेब एका लिपीत आणि दुकानाचा दुसऱ्या लिपीत. राज्य शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालय येथेही आहे, आणि हे संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्गही चालवते. आमच्या विद्यार्थ्याला या कार्यालयाचा पत्ता ठाऊक होता; तेथे आपल्या विषयाचे काही असेल अशी शंका मात्र त्याला कधी आलेली नव्हती.

एवढे सगळे बोलणे झाल्यावर त्याने सांगितले की त्याच्या आजोळी एक वही आहे. पणजोबांची मोंढ्यात आडत होती. लाल कापडाच्या वेष्टनाची, उभी उघडणारी ती वही आम्ही तिघांनी मिळून कित्येक रविवार वाचली. आमचे मोडी पत्रांवर आणि बखरींवर पोसलेले. त्याला मोडीचे अक्षर येत नव्हते. पण पान आम्हांला वाचता आले तरी समजत नव्हते, आणि अक्षर कळताच त्याला ते समजत होते. कागदावर आखलेल्या रेघा नव्हत्या, रकाने घड्या पाडून केलेले होते. डाव्या बाजूला जमा, उजवीकडे नावे; इंग्रजी खतावणीत नावेची बाजू डावी असते, त्यामुळे प्रारंभी तो गोंधळला आणि मग त्यानेच कारण समजावून दिले, की येथे विचार देणाऱ्याच्या बाजूने सुरू होतो. जेथे आम्हांला पूर्णविरामाचा दंड दिसत होता तेथे पावली होती. दोन दंड म्हणजे अर्धा रुपया. पण 'ह॥' मधले दोन दंड अर्ध्या रुपयाचे नव्हेत, ते 'हस्ते' या शब्दाचा संक्षेप दाखवणारे, आणि 'बा॥' म्हणजे 'बाबत'. हे आमच्या मोडीने सांगितले. त्याने आधी असा प्रत्येक संक्षेप आठ आण्यांत धरून बेरीज केली होती. संक्षेप वगळताच पानाची बेरीज पानाखालच्या आकड्याशी तंतोतंत जुळली.

काळाचे कोडे तेवढेच अवघड. वहीवर शके होते आणि वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होत होते. वहीत अडकवलेली सरकारी पावती फसली सनाची होती. फसली १३५७ म्हणजे इसवी १९४७-४८. पेशवाईच्या कागदांत तर आणखी वेगळा अरबी सन, तोही शब्दांत: 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे ११७१, आणि तो इसवी १७७०-७१. रक्कमही एका नाण्याची नव्हे. काही नोंदी हाली, म्हणजे निजामाच्या रुपयांत, आणि मुंबईकडच्या व्यवहाराच्या नोंदी कलदार, म्हणजे इंग्रजी रुपयांत. सात हाली म्हणजे सहा कलदार असा सर्वसाधारण भाव, त्यावर बाजाराचा बट्टा. सीमेवरच्या पेठेतला व्यापारी दोन राज्यांच्या नाण्यांत रोज विचार करत होता, ही गोष्ट आम्ही मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाविषयी वाचलेल्या पुस्तकांतून आम्हांला इतकी स्पष्ट कधी झाली नव्हती. त्या वहीतल्या एका पानावर ओळीने अनेक कुळांच्या नावांपुढे एकच नोंद होती: बाकी, पुढील साली. तीन वर्षे तीच नावे, तीच बाकी, वाढत जाणारी. ग्रामीण कथांतून सावकार आणि कूळ आम्ही शिकवत आलो आहोत. येथे ते नाव-गावासह, आण्या-पैंसह होते, आणि लिहिणारा सावकार स्वतः होता. कथेत त्याला लेखणी क्वचितच मिळते.

आम्ही विचारले, बाकीच्या वह्या कोठे आहेत? घर पाडून नवे बांधताना त्या रद्दीत गेल्या. ही एक देवघरात होती म्हणून राहिली. लक्ष्मीपूजनाला तिची पूजा होत असे.

गुलमंडी, सराफा, शहागंज, जुना मोंढा या पेठांतल्या किती घरांत अशा वह्या असतील याचा अंदाज आम्ही करणार नाही. त्या जेथे आहेत तेथून ग्रंथालयात येण्याची वाट मात्र आज जवळजवळ बंद आहे. घरमालकाला त्यांत काय आहे हे वाचता येत नाही. वाणिज्य विभागाला त्या 'साहित्य' वाटतात. मराठी विभागाला त्यांत साहित्य दिसत नाही. आणि ग्रंथपालाने त्या स्वीकारल्या तर त्यांना क्रमांक कोणता द्यावा? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याला क्रमांक नाही ते दाखल नोंदवहीत येत नाही, आणि जे दाखल नोंदवहीत नाही ते संस्थेच्या लेखी नसतेच. ग्रंथालय स्वतःही हिशेबाने चालते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान घेणाऱ्या प्रत्येक वाचनालयाला आपले हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि दाखल नोंदवही ही त्याची एक प्रकारे खतावणीच असते: पुस्तक केव्हा आले, कोणाकडून, किती किमतीला, केव्हा रद्द झाले. एखाद्या जुन्या वाचनालयाच्या शंभर वर्षांच्या दाखल नोंदवह्या हा लेखाशास्त्राच्या आणि मराठी वाङ्मयव्यवहाराच्या, दोहोंच्या संशोधनाचा विषय होऊ शकतो. मराठी कादंबरी किती छापली गेली हे आपण लिहितो. ती कोणत्या गावाने, पोटाला चिमटा घेऊन, कोणत्या वर्षी विकत घेतली हे त्या वह्यांत आहे.

काय करता येईल? मोठ्या योजना सुचवण्याचा आमचा अधिकार नाही. पण दोन-तीन गोष्टी कोणत्याही महाविद्यालयात खर्चाशिवाय होऊ शकतात. ज्यांच्या घरी जुनी वही आहे अशा विद्यार्थ्यांनी तिची सर्व पाने क्रमाने छायाचित्रित करून प्रत ग्रंथालयात द्यावी. मूळ वही घरीच राहू द्यावी, म्हणजे घरच्यांनाही संकोच वाटणार नाही. कुळांची नावे असलेली पाने वापरताना नावे झाकावीत. त्यांचे नातू याच शहरात राहतात. मराठीच्या एम. ए.ला जेथे मोडी शिकवली जाते तेथे पत्रांबरोबर जमाखर्चाचे एक तरी पान अभ्यासाला ठेवावे, आणि त्या तासाला वाणिज्याच्या शिक्षकांना बोलवावे. ग्रंथपालांना विनंती करावी की तालिकेत 'जमाखर्च' हा विषयशब्द सुरू करून इतिहास, कोश, राज्यशास्त्र आणि आंबेडकर साहित्य या कपाटांतली संबंधित पुस्तके त्याखाली नोंदवावीत. पुस्तके जागची हलवायला नकोत.

आमच्या विद्यार्थ्याने प्रबंधाचा विषय बदलला नाही. नोंदणी झालेली होती, मुदत जवळ आली होती, आणि दोन बँकांचे पाच वर्षांचे अहवाल तयार होते. पण पहिल्या प्रकरणातले निगम यांच्याविषयीचे वाक्य त्याने काढून टाकले आणि त्या जागी दोन्ही लेखांचा वाद दोन पानांत नीट मांडला. परिशिष्टात पणजोबांच्या वहीचे एक पान दिले: डाव्या बाजूला मोडी, उजवीकडे देवनागरी, आणि खाली बेरीज. मार्गदर्शकांनी आधी या पानाचा मूळ विषयाशी संबंध काय असे विचारले. मग ते पान स्वतः वाचत बसले. त्यांच्याही घरी अशी एक वही आहे, असे ते नंतर म्हणाले. पुढच्या महिन्यात ती ते घेऊन येणार आहेत. ती कोणत्या कपाटात ठेवायची, हे आम्ही ग्रंथपालांना आताच विचारून ठेवले आहे.